बोटांच्या जखमांवरच्या मलमाची ट्रायल: नाव देण्याआधी आणि नंतर काय काय करायचं

मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. नऊ वर्षांपूर्वी स्क्लेरोडर्मा निघाला, म्हणजे कातडी जाड-कडक होत जाते आणि बोटांना रक्त कमी पोचतं तो आजार, आणि चार वर्षांपूर्वी उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला पहिली जखम झाली, मसुराच्या डाळीएवढी असेल, पण दुखायची अशी की दोऱ्याचं टोक सुईत ओवताना डोळ्यात पाणी यायचं. आम्ही नाशिक जिल्ह्यातल्या निफाडकडचे, त्यामुळे थंडी काय असते ते मी सांगायला नको, दर जानेवारीत पेपरात आमच्या पाऱ्याची बातमी असतेच. तर या जखमांसाठी वरून लावायच्या एका मलमाची ट्रायल, म्हणजे ते खरंच गुण देतं का ते पेशंटवर तपासून बघणं, मुंबईत चालू होती आणि माझ्या डॉक्टरांनी नाव सुचवलं. तिथे गेल्यावर जे गोंधळ झाले, जे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, ते सगळं इथे क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाहीये. औषधाचा कुठलाही बदल स्वतःच्या रुमॅटॉलॉजिस्टला (सांध्यांच्या आणि असल्या आजारांच्या डॉक्टरला) विचारूनच करा.

१. आधी आपली जखम कुठल्या जातीची ते विचारून घ्या

सगळ्या जखमा सारख्या नसतात हे मला ट्रायलमध्ये गेल्यावर कळलं. बोटाच्या अगदी टोकाला होते ती बहुतेक वेळा रक्त न पोचल्यामुळे होते, म्हणजे थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात ना, रेनॉड्स म्हणतात त्याला, तेच पुढे वाढत जाऊन. बोटाच्या मधल्या सांध्यावर, वरच्या बाजूला होते ती कातडी ताणल्यामुळे आणि तिथे सारखं काहीतरी आपटल्यामुळे होते, कारण बोट वाकलेलं असतं आणि सांधा दाराच्या कडीला, पातेल्याच्या काठाला लागतच राहतो. आणि तिसरी जात म्हणजे कातडीखाली चुन्यासारखे पांढरे खडे साचतात, कॅल्सिनोसिस म्हणतात, ते कातडी फोडून बाहेर येतात तिथली जखम.

हे का महत्त्वाचं, तर ट्रायलवाले बहुतेक एकाच प्रकारची जखम घेतात. माझ्या ओळखीची एक जण पार सोलापूरहून आली होती आणि तिची जखम खड्यांवरची निघाली, तिला पहिल्याच दिवशी परत पाठवलं. फोनवर आधी विचारलं असतं तर ती खेप वाचली असती. पू झालेली, सुजलेली जखमही सहसा घेत नाहीत, आधी इन्फेक्शन बरं करून या म्हणतात.

आणखी एक गंमत सांगते. जखम आहे की नुसती कोरडी भेग आहे, की जुना खड्डा आहे, हे ठरवणं डॉक्टरांनाही सोपं जात नाही. २००९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात रुमॅटॉलॉजिस्टना बोटांचे फोटो दाखवून विचारलं होतं, यातली जखम कुठली, तर त्यांचं आपसात एकमत होईना. म्हणून तुमच्या डॉक्टरने जखम म्हटलं आणि ट्रायलच्या डॉक्टरने नाही म्हटलं तर कुणी फसवतंय असं समजू नका.

२. मलमाची टेस्ट म्हणजे नक्की काय चालतं

रक्तवाहिन्या सैल करणारी, पोटातून घ्यायची औषधं आहेतच, निफेडिपिन, टॅडालाफिल वगैरे, आणि बोसेंटन. बोसेंटनचा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये आला, त्यात दिसलं की नवीन जखमा कमी होतात, पण जी आधीच झालीये ती काही लवकर भरत नाही. शिवाय या गोळ्यांनी बीपी उतरतं, पाय सुजतात, डोकं दुखतं, आणि बोसेंटन असेल तर लिव्हरची टेस्ट दर महिन्याला. म्हणून लोकांना वाटतं की जिथे दुखतंय तिथेच औषध लावता आलं तर किती बरं.

पण हे वाटतं तेवढं सोपं नाहीये. आमची कातडी जाड आणि कडक, जखमेवर चिवट पिवळी खपली, त्याखाली मलम पोचणार कसं? इंग्लंडमधल्या एका अभ्यासात, तो २०१७ चा, नायट्रोग्लिसरीन या रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या औषधाचं मलम जखमेवर लावलं तर तिथला रक्तपुरवठा वाढतो असं मोजून दाखवलंय. पण रक्त वाढणं वेगळं आणि जखम भरणं वेगळं. इटलीत व्हिटॅमिन ईचं जेल लावून बघितलं होतं, २००९ मध्ये, त्यात जखमा लवकर भरल्या, पण अभ्यास अगदी छोटा, तीसच्या आतच पेशंट.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट १९८५ ची आहे. अमेरिकेत ८४ पेशंट घेऊन डीएमएसओ नावाचं द्रावण बोटांच्या जखमांवर वापरून बघितलं. काही जणांना ७० टक्क्यांचं, काहींना २ टक्क्यांचं, आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी म्हणजे सलाईन, आणि कुणाला काय मिळतंय ते ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. शेवटी काय निघालं तर औषधवाले सलाईनवाल्यांच्या पुढे काही गेले नाहीत, उलट ७० टक्केवाल्यांपैकी पावपेक्षा जास्त लोकांना कातडीच्या त्रासामुळे थांबवावं लागलं. सलाईनचा गट ठेवलाच नसता तर ज्यांचं बरं झालं त्यांनी डीएमएसओचे गोडवे गायले असते की नाही सांगा?

आमच्याकडे हे समजायला तर अगदीच सोपं आहे. जानेवारीत सुरू केलेलं कुठलंही मलम एप्रिलपर्यंत गुण देणारच, कारण ऊन पडतं, बोटं गरम राहतात, जखम आपोआप भरायला लागते. सासूबाईंनी सांगितलेलं हळद-तूप असंच दरवर्षी होळीनंतर लागू पडायचं! म्हणून दोन गट करतात, चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कॉम्प्युटर ठरवतो. एकाला औषधाचं मलम, दुसऱ्याला तसंच दिसणारं, तसाच वास असणारं पण औषध नसलेलं. त्याला प्लासिबो किंवा नुसता बेस म्हणतात. तुम्हाला काय मिळालं ते तुम्हाला कळणार नाही आणि डॉक्टरलाही नाही. ही गोष्ट जिला पटत नाही तिने नाव देऊ नये, स्पष्टच सांगते, कारण मग मधेच मन खट्टू होतं आणि सोडून द्यावंसं वाटतं.

३. ट्रायल खरी आहे का ते बघा

आपल्या देशात औषधाची ट्रायल सुरू व्हायच्या आधी सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया इथे नोंदवावी लागते, २००९ पासून ते सक्तीचं आहे. प्रत्येक ट्रायलला नंबर असतो, सुरुवातीला सीटीआरआय, मग वर्ष, मग महिना, मग आकडे. तो नंबर मागा आणि वेबसाइटवर टाका. कोण डॉक्टर, कुठलं हॉस्पिटल, कोण पैसे घालतंय, कुणाला घेणार, कुणाला नाही, एथिक्स कमिटीची (पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीची) परवानगी आहे की नाही, सगळं तिथे फुकट बघता येतं. भाषा इंग्रजी आहे, पण घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा.

कुणी ट्रायलच्या नावाखाली पैसे मागितले तर उठून चालू पडा. ट्रायलचं औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या यांचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. व्हॉट्सॲपवर "स्क्लेरोडर्मा मलम ट्रायल, फक्त ४ हजार" असलं काहीतरी आमच्या ग्रुपवर आलं होतं, ती ट्रायल नव्हे, ती विक्री.

४. बरोबर काय काय न्यायचं

मी पहिल्या खेपेला अर्ध्या गोष्टी घरी विसरले होते, तुम्ही आदल्या रात्रीच पिशवी भरा:

- स्क्लेरोडर्माचं निदान झालं तेव्हाचे कागद, एएनए आणि अँटीबॉडीचे (या आजाराच्या रक्ततपासणीचे) रिपोर्ट, छातीचा सीटी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला असेल तर तो
- सध्याच्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स. चिठ्ठी नको, स्ट्रिप्सच न्या, कारण डोस आणि नाव दोन्ही त्यावर असतं. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, बीपीच्या, सगळ्याच
- जखमेचे जुने फोटो तारखेसकट
- आधार कार्ड आणि झेरॉक्स
- बँक पासबुकची झेरॉक्स, प्रवासखर्च खात्यात जमा करतात त्यासाठी, आणि तिकिटं जपून ठेवा
- लोकरीचे हातमोजे, मे महिना असला तरी. हॉस्पिटलचा एसी मे महिन्यातही निफाडच असतो
- थर्मासमध्ये गरम पाणी आणि खायला काहीतरी, दिवस जातो

५. संमतीपत्र: घाई करू नका

पंधरा-वीस पानांची माहितीपत्रिका देतात. मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. माझ्या हातात आलेलं मराठी असं होतं की "सहभागी विषयास यादृच्छिकरीत्या नियुक्त करण्यात येईल" वगैरे, मला वाटलं नोकरी देतायत की काय. मग कोऑर्डिनेटर मॅडमना, म्हणजे ट्रायलचं कामकाज बघणाऱ्या बाईंना, म्हटलं हे तोंडी सांगा, तर त्यांनी छान सांगितलं, की चिठ्ठ्या टाकल्यासारखं तुम्हाला कुठल्यातरी एका गटात घालणार. न कळलेलं वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करायचं आणि विचारायचं, त्यात लाजायचं काही नाही. पत्रिका घरी नेऊन वाचता येते, त्याच दिवशी सही करायची सक्ती नाही.

एका ठिकाणी मी आणि हे दोघंही दचकलो. फॉर्मवर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारलं होतं. हे म्हणाले, "अगं, नॉमिनी कशाला? मरायचा फॉर्म आहे का हा?" मी पण घाबरले. पण तसं काही नाहीये, आपल्याकडच्या नियमांतच तो फॉर्मचा नमुना दिलेला आहे, कुठल्याही औषधाच्या ट्रायलला हे रकाने असतात, ट्रायलमुळे काही बरंवाईट झालं तर भरपाई कुणाला द्यायची यासाठी. २०१९ चे नवीन नियम आहेत, त्यात असं आहे की ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट करायचे आणि भरपाईही द्यायची. काही ट्रायलमध्ये संमती देतानाचा व्हिडिओ पण काढतात, तेही नियमातलंच आहे.

सही करायच्या आधी एवढं नक्की विचारा: किती आठवडे, किती खेपा, चालू गोळ्या बदलायच्या का, मधे सोडलं तर काय (कधीही सोडता येतं आणि तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत), रात्री-अपरात्री काही झालं तर फोन कुणाला, आणि एथिक्स कमिटीचा नंबर कुठे लिहिलाय. सही झालेल्या कागदाची एक प्रत तुम्हाला मिळायलाच हवी. मला दिली नव्हती, मागितल्यावर "पुढच्या खेपेला देतो" म्हणाले, मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले, वीस मिनिटांत आली.

वय कमी असेल, मूल होण्याची शक्यता असेल तर लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करतात आणि कुटुंबनियोजनाचं विचारतात. सगळ्यांनाच विचारतात, लग्न झालेलं नसलं तरी, मनाला लावून घेऊ नका.

६. पहिला दिवस: काय खाऊ नये, काय लपवू नये

रक्तपुरवठा मोजायचा असेल तर आधी एका ठराविक तापमानाच्या खोलीत वीसेक मिनिटं शांत बसवतात, नाहीतर बाहेरच्या थंडी-गरमीने आकडे चुकतात. चहा-कॉफी त्याआधी नको म्हणतात. तंबाखू तर नकोच. आणि इथे आपल्या बायकांसाठी खास सांगते, मिश्रीही तंबाखूच आहे. माझ्या शेजारी बसलेल्या आजींना विचारलं तंबाखू खाता का, त्या ठामपणे नाही म्हणाल्या, आणि पाच मिनिटांनी मला कानात म्हणाल्या, "मिश्री लावते सकाळ-संध्याकाळ, ती काय तंबाखू थोडीच." निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात, बोटं गार पडतात, सगळं मोजमाप बिघडतं. मी त्यांना परत आत पाठवलं.

जखमा एकापेक्षा जास्त असतील तर त्यातली एक निवडतात, कार्डिनल अल्सर म्हणतात त्याला, म्हणजे मुख्य जखम. सगळं मोजमाप तिचंच. नर्सताईने माझं बोट निळ्या कापडावर ठेवलं, शेजारी कागदाची छोटी मोजपट्टी चिकटवली, त्यावर तारीख आणि माझा नंबर लिहिला, नाव नाही. मग खपलीवर सलाईनचा ओला गॉज (ड्रेसिंगचं जाळीदार कापड) दहा मिनिटं ठेवून ती मऊ केली, कडा दिसायला लागल्या तेव्हा लांबी आणि रुंदी घेतली. ५ मिलिमीटर आणि ३ मिलिमीटर. मी चार वर्षं त्या जखमेमुळे रात्री जागत होते आणि आकडा एवढासा, मला जरा अपमानच वाटला खरं सांगायचं तर.

काय काय लावता ते सगळं सांगा. कैलास जीवन, बोरोलीन, हळद, कोरफड, मध, फिशरसाठी (शौचाच्या जागेच्या चिरेसाठी) घरात आणलेलं मलम, सगळं. शेवटचं का म्हणते तर फिशरच्या काही मलमात नायट्रोग्लिसरीन असतं, आणि कुणीतरी वाचून ते बोटावर लावतं. तुम्ही टॅडालाफिल किंवा सिल्डेनाफिल घेत असाल, जी आपल्यातल्या खूप जणींना रेनॉड्ससाठी देतात, तर त्याच्यासोबत नायट्रोग्लिसरीन अजिबात चालत नाही, बीपी धाडकन खाली येऊ शकतं. हा सगळ्यात मोठा सापळा, आणि यात लोक नकळत अडकतात.

७. मलम लावायची पद्धत

वाटतं काय त्यात, बोटाला मलम लावायचं. पण माझी पहिल्या आठवड्यात पाच वेळा तरी चूक झाली.

क्रम असा. आधी हात कोमट पाण्याने धुवा, गरमही नको, गारही नको. जखमेला मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका. जुना गॉज चिकटला असेल तर ओढू नका, सलाईनने भिजवा, पाच मिनिटं थांबा, आपोआप सुटतो. मग सांगितलं असेल तेवढंच मलम. मला तांदळाच्या दाण्याएवढं सांगितलं होतं आणि मी चांगली बोटभर थापत होते, जास्त लावलं की लवकर भरेल म्हणून. नाही भरत. उलट आजूबाजूची चांगली कातडी पांढरी पडून भिजते आणि तिथेच नवीन भेग पडते.

लावल्यावर वरून ड्रेसिंग करायचं की उघडं ठेवायचं ते ट्रायलवाले सांगतील तसंच. करायचं असेल तर चिकटपट्टी बोटाभोवती गोल गुंडाळून आवळू नका, आधीच रक्त कमी आणि वरून फास. तिरकी लावा.

वेळ कुठली निवडायची? मी सकाळी लावायचे आणि लगेच कणीक मळायला बसायचे, अर्धं मलम पोळीत. मग कोऑर्डिनेटर मॅडमनी विचारलं, "ताई, दिवसातला कुठला तास तुमच्या हातात काम नसतं?" मी म्हटलं असा तास नसतोच. खूप विचार करून दुपारी दोन ते तीन आणि रात्री झोपताना असं ठरवलं. दुपारी मी त्या वेळात टीव्ही बघत बसायचे, हात उशीवर ठेवून, घरच्यांना वाटायचं राणी झालीये.

भांडी घासताना आधी सुती मोजे, वर रबरी. नुसते रबरी घातले की आत घाम येऊन जखम भिजते. डेटॉल, स्पिरीट, हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत ओतू नका, चुरचुरतं म्हणजे काम करतंय हा समज सोडा. आणि खपली टोकरू नका, ती काढायची असेल तर डॉक्टर भूल देणारं क्रीम लावून काढतात.

ट्यूबचं एक. प्रत्येक खेपेला रिकामी, अर्धी, जशी असेल तशी ट्यूब परत न्यायची, ते वजनकाट्यावर ठेवतात. किती ग्रॅम वापरलं ते त्यावरून कळतं. एका काकांनी चार दिवस लावलंच नव्हतं म्हणून येताना थोडं पिळून टाकलं, वजन बरोबर यावं म्हणून! असं करू नका हो. नाही लावलं तर नाही लावलं म्हणून सांगा, कुणी ओरडत नाही. पिळून टाकलेलं मलम कागदावर "लावलं" असं धरलं जातं आणि मग औषध चांगलं असूनही निकाल खोटा येतो.

घरातल्या दुसऱ्या कुणाच्या भेगांना ती ट्यूब द्यायची नाही. सासूबाईंनी मागितली होती टाचेसाठी. नाही दिली, दोन दिवस अबोला.

८. डायरी आणि फोटो

रोज रात्री दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्यायचा. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन होईना. कामं किती जमली तेही विचारतात, बटण लावता येतं का, झाकण उघडता येतं का, पेन धरता येतं का असे प्रश्न असतात.

माझी चोरी सांगते. एका खेपेला अकरा दिवसांची डायरी भरायचीच राहिली होती, लग्नसराई होती, ब्लाउजांचा ढीग. नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसले आणि कसारा घाट उतरेपर्यंत सगळे अकरा दिवस भरून काढले. मॅडमनी डायरी उघडली, दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, "ताई, अकरा दिवस रोज पाचच दुखलं? आणि अक्षर एवढं का हललंय?" गाडीच्या हिसक्याने अक्षर वेडंवाकडं झालं होतं ते लगेच दिसत होतं. मी कबूल केलं. त्यांनी ती पानं रिकामी धरली, म्हणाल्या, रिकामं चालतं, बनवलेलं चालत नाही. तेव्हापासून डायरी मी मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या डब्याशेजारी ठेवली, रात्री मशीन झाकताना आकडा लिहायचा. त्यानंतर एकही दिवस चुकला नाही.

घरी फोटो काढायला सांगितले असतील तर जागा, वेळ, उजेड एकच ठेवा. मी खिडकीजवळ, सकाळी दहा वाजता, मलम लावायच्या आधी. फ्लॅश बंद, कारण ओल्या जखमेवर तो चमकतो आणि कडा दिसत नाहीत. शेजारी मोजपट्टी हवीच, नाहीतर लांबून काढलेल्या फोटोत जखम लहान झाल्यासारखी वाटते आणि आपण उगाच खूश होतो. मेंदी, नेलपॉलिश नको.

आणि रोज उठून जखमेकडे बघत बसू नका. या जखमा भरायला आठवडे नाही, महिने लागतात, आज आणि कालमध्ये काही फरक दिसत नाही, मनस्ताप तेवढा होतो. दर पंधरा दिवसांचे दोन फोटो शेजारी ठेवून बघा.

९. कधी थांबायचं आणि फोन करायचा

खेपेच्या तारखेची वाट बघायची नाही अशा गोष्टी: बोट लाल होऊन सुजलं, पू आला, ठणका वाढून झोप लागेना, ताप, बोटाचं टोक काळं पडायला लागलं किंवा गार आणि पांढरं होऊन गरम केलं तरी रंग परत येईना. हे त्याच दिवशी दाखवायचं. ट्रायलच्या नंबरवर फोन लागला नाही तर जवळच्या हॉस्पिटलात जा आणि मी ट्रायलमध्ये आहे हे सांगा, कार्ड देतात ते पर्समध्येच ठेवा. इन्फेक्शन आत हाडापर्यंत गेलं तर बोट जायची वेळ येते, यात भिडस्तपणा नको.

मलमाने खाज, पुरळ, जळजळ, डोकं दुखणं, चक्कर, काहीही झालं तर सांगायचं, छोटं वाटलं तरी. आणि ट्रायल चालू असताना दाताला, सर्दीला, कशालाही दुसऱ्या डॉक्टरने औषध दिलं तर तेही सांगा. ॲडमिट व्हावं लागलं, कारण काहीही असो, तर लगेच कळवा, त्यांना ते २४ तासांत वर कळवावं लागतं.

आपली नेहमीची काळजी ट्रायलच्या नावाखाली सोडू नका. हातमोजे, पायमोजे, अंग गरम ठेवणं, गोळ्या वेळेवर. मला दुसऱ्या महिन्यात वाटलं मलम आहे ना आता, आणि मी मोजे न घालता फ्रीजमधून दूध काढायला लागले. नुसत्या छातीवर स्वेटर असून भागत नाही आणि नुसते हात झाकूनही भागत नाही, धड गार पडलं की बोटं गार पडतात.

१०. संपल्यावर

शेवटच्या खेपेला उरलेली ट्यूब परत घेतात, म्हणजे चांगला गुण आला असला तरी ते मलम पुढे मिळेलच असं नाही. हे आधीच विचारून ठेवा, नंतर रडायला नको. सगळ्या तपासण्यांच्या रिपोर्टच्या प्रती मागा, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना उपयोगी पडतात, माझा इको त्यामुळेच फुकटात झाला. निकाल आल्यावर मला माझ्या ट्यूबमध्ये काय होतं ते कळवा असं लेखी लिहून द्या आणि त्याची पोच घ्या.

माझी जखम भरली, सोळाव्या आठवड्यात, खड्डा राहिलाय टोकाला, सुई धरताना तिथे बधिर वाटतं. औषधाने भरली की नुसत्या बेसने की मार्च उजाडला म्हणून, मला माहीत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी फोन करते, मॅडम म्हणतात, "ताई, अजून सगळे पेशंट पूर्ण व्हायचेत, कोड उघडला नाहीये." म्हणजे कुणाला काय मिळालं ते अजून कुणालाच कळलेलं नाही. पुढचा फोन दिवाळी झाली की करणार आहे, तोपर्यंत मधल्या बोटाला नवीन भेग पडलीये, तिच्यावर नुसतं व्हॅसलीन लावतेय आणि फोटो काढून ठेवतेय, शेजारी मोजपट्टी ठेवून.